निगडीचा पाला आणि माझा शब्द

गेल्या वर्षी श्रावणातल्या अष्टमीला नेहमीप्रमाणे नदीवर गेलो होतो. आमच्या नार्व्याला त्या दिवशी पंचगंगेच्या काठी स्नानाला माणसांची रीघ लागते. दिवाडीकडून फेरीबोटी भरभरून येतात. स्नान आटोपून सप्तकोटेश्वराच्या देवळाकडे परतताना वाटेत आमच्या शाळेतल्या निवृत्त शिपाई बाई भेटल्या. त्यांना मुलेही मावशी म्हणत आणि मास्तरही मावशीच म्हणत. कोणीतरी प्रसाद वाटत होते. मावशींनी दोन्ही हात पुढे केले, पण ओंजळ झाली नाही. बोटे करंगळीच्या बाजूला कलंडलेली, मधल्या सांध्यांत वाकलेली. साखरफुटाणे फटीतून खाली पडले. त्या हसल्या आणि पदर पुढे केला.

त्या ओंजळीत माझा वाटा आहे. तो किती, हे ठरवण्याचा मी दहा वर्षे प्रयत्न करीत आहे. दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे हे गाऱ्हाणे मांडण्याचे कारण एवढेच, की या प्रश्नातून तुमच्यापैकी कोणीही सुटलेला नसावा. आपण सगळेच एकमेकांना औषधे सांगत असतो. दुखणे ऐकले आणि उपाय सांगितला नाही, असा माणूस आपल्या मुलखात विरळाच.

घडले ते असे. माझ्या आईचे गुडघे २०११ च्या सुमारास फार दुखू लागले. जिना चढणे बंद, पाटावर बसणे बंद. परसात कुंपणाला निगडी होती. एका जाणत्या शेजारणीने सांगितल्यावरून आम्ही तिचा पाला पाण्यात उकळून शेक देऊ लागलो. रात्री कोमट तेल चोळायचे आणि वर रुईचे पान तापवून बांधायचे. सोबत आईने वजन थोडे उतरवले, कमोड बसवून घेतला, काठी घेतली. तीन महिन्यांत ती देवळापर्यंत चालत जाऊ लागली. मला केवढा अभिमान वाटला! आपल्या मातीतले, आपल्या परसातले, बिनपैशाचे औषध! शाळेच्या प्रार्थनेनंतर मुलांपुढे मी निगडीवर दहा मिनिटे बोललोसुद्धा. काठीचा आणि कमोडचा उल्लेख त्या भाषणात नव्हता.

दोन वर्षांनी मावशींची बोटे सुजू लागली. सकाळी उठल्यावर मूठ वळत नसे. शाळेची घंटा देताना हातोडी हातातून सुटे. ताप अंगात मुरल्यासारखा वाटे, थकवा येई. त्या एका डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी रक्त तपासून आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी लिहून दिली आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे लागेल असे बजावले. मावशी कागद घेऊन माझ्याकडे आल्या, कारण इंग्रजी कागद आला की तो मुख्याध्यापकांकडे न्यायचा हा गावचा रिवाज आहे. मी कागद वाचला, त्यातले मला काही कळले नाही, आणि तसे न म्हणता मी म्हणालो, "मावशी, या गोळ्या यकृताला बाधतात म्हणे. माझ्या आईलाही संधिवातच होता. निगडीने बरी झाली. तुम्ही आधी ते करून पाहा."

मावशींनी गोळ्या सोडल्या. चौदा महिने.

मधल्या काळात एका आठवडी बाजारातून मीच त्यांना कसलेसे चूर्ण आणून दिले. पुडीवर नाव नाही, गाव नाही. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. मी शिक्षकांच्या खोलीत विजयी मुद्रेने ती हकिकत सांगितली. मग मावशींचा चेहरा गोल होऊ लागला, रक्तदाब वाढला, पुडी संपली की दुखणे दुपटीने उसळू लागले. शेवटी त्यांचा मुलगा त्यांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी पुडी उघडून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "तीन दिवसांत सूज उतरवणाऱ्या अशा चूर्णांत बहुधा स्टिरॉइड मिसळलेले असते. रोग मात्र आत आपले काम करीत राहतो." बोटांचे जे व्हायचे ते तोवर होऊन गेले होते.

आता माझी चूक नेमकी कोणती? खोटे मी बोललो नाही. आईला बरे वाटले होते हे खरे. लोभ नव्हता. हेतू चांगलाच होता. मग?

पहिली चूक शब्दाची. 'संधिवात' हा एकच शब्द आपण सगळ्या सांधेदुखीला लावतो. आईचा रोग झिजेचा होता. वयपरत्वे गुडघ्यातली कूर्चा झिजते, चालले की दुखते, विसावले की कमी होते, सकाळचा आखडलेपणा थोड्या वेळात जातो. मावशींचा रोग निराळ्या कुळातला. त्यात शरीराची संरक्षक शक्तीच वाट चुकून आपल्या सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. दोन्ही हातांचे लहान सांधे आणि मनगटे सारखीच सुजतात, सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकतो, आणि वेळीच आवर घातला नाही तर हाडे कुरतडली जातात. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दुपटी-तिपटीने अधिक होतो. पहिले काही महिने फार मोलाचे असतात, असे आजचे वैद्यक सांगते. तेच महिने मी निगडीच्या पाल्यात उकळून टाकले.

आणि गंमत पाहा, ज्या परंपरेचा मी अभिमान मिरवत होतो तिला हा फरक ठाऊक होता. हजार वर्षांहून जुन्या माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. झिजेचा संधिगत वात वेगळा, आमवात वेगळा, वातरक्त त्याहून वेगळे. आमवातात तेल चोळण्याची घाई करू नये, आधी लंघन, सुंठ, एरंडेल यांचा विचार करावा, शेकही कोरडा द्यावा, असे जाणते वैद्य सांगतात. म्हणजे मी ॲलोपथीचा अपराधी होतोच, पण आयुर्वेदाचाही होतो. मी ज्याला आयुर्वेद म्हणत होतो ते माझे अज्ञान होते. फक्त त्याला पाल्याचा वास येत होता.

दुसरी चूक पुराव्याची. एका घरी गुण आला म्हणून तो सर्वांना येईल, हे आपण किती सहज धरून चालतो! पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सांधेदुखीची घरोघर पाहणी झाली. चार हजारांहून अधिक प्रौढ माणसे तपासली. सांधे आणि स्नायू दुखणारे पुष्कळ निघाले, पण मावशींचा रोग दर दोनशे प्रौढांत साधारण एकाला. याचा अर्थ आपल्या लक्षात येतो का? गावात पाल्याची कीर्ती पसरवणारे बहुतेक लोक या रोगाचे नसतातच. शिवाय हा रोग भरती-ओहोटीसारखा आहे. दुखणे शिगेला पोचते तेव्हाच माणूस नवा उपाय धरतो, आणि मग ओहोटी आपसूक लागली की श्रेय त्या उपायाला मिळते. ज्यांना गुण आला नाही ते देवळाच्या ओट्यावर बसून सांगत नाहीत.

मग वनस्पतींत काहीच नाही काय? असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अडाणीपणा होईल. पुण्याच्याच संधिवाततज्ज्ञांनी अश्वगंधा, शल्लकी, सुंठ आणि हळद यांच्या गोळीची कसून परीक्षा घेतली आणि तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केले. १८२ रुग्ण, १६ आठवडे. कोणाला खरी गोळी, कोणाला पोकळ, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. पोकळ गोळी घेणाऱ्यांतही पुष्कळांना आराम वाटला, हा त्यातला मोठा धडा. औषधाची पारख 'बरे वाटले' एवढ्यावर करता येत नाही. २०११ साली कोइमतूरच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. ४३ रुग्णांत शास्त्रोक्त आयुर्वेदिक उपचार, मावशींची ती आठवड्याची गोळी, म्हणजे मेथोट्रेक्झेट, आणि दोन्ही एकत्र, अशी तुलना होती. तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखी दिसली. रुग्ण थोडे होते, म्हणून एवढ्यावरून निकाल लागत नाही, पण दारही बंद होत नाही. मात्र तिथे जाणते वैद्य प्रत्येक रुग्ण तपासून औषध ठरवीत होते. कुंपणावरचा पाला आणि मुख्याध्यापकांचा शब्द, हे काही ते शास्त्र नव्हे.

'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हा आपला आणखी एक लाडका समज. चीनमध्ये एका वेलीच्या मुळाचे औषध या रोगावर चालते, आणि चाचण्यांत ते प्रभावी ठरले आहे. पण त्या वेलीचे बाकीचे भाग विषारी, आणि औषधही प्रजननशक्तीला बाधक. आपल्याकडे गुळवेलीला अमृतवेल म्हणतात. करोनाच्या काळात घराघरांत तिचा काढा उकळू लागला, आणि २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी ती घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला सूज आल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला. माझे म्हणणे इतकेच, की जे परिणाम करते ते दुष्परिणामही करू शकते. उलट बाजूने पाहा. ॲस्पिरिनचे मूळ विलो झाडाच्या सालीत आहे. माणसाने निसर्गाकडून घेतले, पारखले, मापात बसवले. निसर्ग एका बाजूला आणि इस्पितळ दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी मुळातच फसवी आहे.

इथे मला आमच्या नदीपलीकडचा एक माणूस आठवतो. नार्व्याहून फेरीने दिवाडीला गेले आणि बेट ओलांडून पुन्हा फेरी घेतली की जुने गोवे येते. तिथे गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत होता. हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचे त्याचे पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. ते संवादरूप आहे. एक जण दावा करतो, दुसरा विचारतो, हे तुम्ही स्वतः पाहिले की ऐकले? युरोपातल्या थोर ग्रंथकारांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेले त्याला अधिक मोलाचे वाटे, आणि इथल्या वैद्यांकडून शिकायला त्याला कमीपणा वाटला नाही. इन्क्विझिशनने १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली, ती त्याच्या यहुदी वंशामुळे. साडेचारशे वर्षांपूर्वी त्याने विचारलेला प्रश्न मी मावशींपुढे स्वतःला विचारला नाही. पाहिलेस की ऐकलेस? पाहिले असशील, तर कोणाच्या शरीरात पाहिलेस?

तिसरी चूक, आणि खरी चूक, विश्वासाची. एम.ए.ला तत्त्वज्ञान शिकताना विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा १८७७ सालचा निबंध वाचला होता. त्यात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुने झालेले असते, मनात शंका येते, पण डागडुजीचा खर्च टाळण्यासाठी तो स्वतःची समजूत घालतो की एवढ्या सफरी तरून गेले ते हीही तरेल. आणि मग अगदी मनापासून विश्वास ठेवून तो उतारूंना निरोप देतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य, पण तसा विश्वास ठेवण्याचा अधिकारच त्याला नव्हता. वर्गात मी त्यावर चांगले गुण मिळवले होते. आमचा फेरीवाला परीक्षेला बसला नव्हता, पण पाणी चढले की तो बोट सोडत नाही. कोणी कितीही घाई केली तरी नाही.

माझा हेतू चांगला होता, हे समर्थन म्हणून पुरत नाही ते यामुळे. हेतू माझा होता, बोटे मावशींची होती. सल्ला फुकट असतो असे आपण म्हणतो. तो देणाऱ्याला फुकट असतो. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. मी त्यांतला कोण होतो? वैद्य नव्हतो. शुश्रूषेला रात्री जागलो नव्हतो. दुखणे माझे नव्हते. चौघांच्या बाहेर उभा राहून बोलणारा तो पाचवा मी होतो. आणि माझ्या शब्दाला वजन होते ते माझ्या ज्ञानाचे नव्हे, खुर्चीचे. शेजारणीने तोच उपाय सांगितला असता तर मावशींनी निगडी लावली असती आणि गोळीही घेतली असती. गोळी सुटली ती 'सरांनी' सांगितले म्हणून. मान मिळालेल्या माणसाने अज्ञान बोलून दाखवले नाही, तर तो मान दुसऱ्याच्या अंगावर कोसळतो.

तर मग गप्प बसावे काय? काही काळ मी तेही केले. कोणी दुखणे सांगितले की "डॉक्टरांना विचारा" म्हणून मोकळा होई. लवकरच कळले की हाही सुटकेचाच मार्ग. दुखणाऱ्या माणसाला पुष्कळदा औषध नको असते, त्याला दखल हवी असते. आपण सल्ला देतो कारण दुसऱ्याचे दुखणे नुसते ऐकून घेणे आपल्याला सोसत नाही. 'हे करून पाहा' म्हटले की आपली बेचैनी संपते, त्याचे दुखणे संपो न संपो. हे ओळखल्यावर मी स्वतःला एक बंधन घालून घेतले. सल्ला द्यायचा तर तीन गोष्टी सांगून द्यायचा: हे मला कसे कळले, कोणाला लागू पडले, आणि चालू असलेले औषध माझ्या शब्दावर सोडायचे नाही. आणि चौथी गोष्ट करायची. सोबत जायचे.

मावशींसोबत मी पुढे पाच वर्षे इस्पितळात जात होतो. रांगेत उभा राहिलो, कागद वाचले, न कळलेले विचारले. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून त्यांच्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल खूण केली. डॉक्टरांना निगडीचे विचारायला मी कचरत होतो. ते म्हणाले, शेक अवश्य द्या, त्याने आखडलेपणा सैल होतो. कोमट पाण्यात बोटे हलवा, मासे खा, तंबाखू आणि मिश्री सोडा, हळदही जेवणातली चालेल. पोटात घ्यायचे दुसरे काही असेल तर आधी मला दाखवा. पालाही राहिला आणि गोळीही. पाला दुखणे हलके करतो, गोळी रोगाला आवर घालते. एकाचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घातले तेव्हाच अनर्थ झाला होता. आजारांच्या जुन्या वर्गवारीत 'याप्य' असा एक वर्ग आहे. मुळासकट न जाणारा, पण उपचार चालू असेतो काबूत राहणारा. हा शब्द मला आधी सुचला असता तर 'बरी झाली' हे आश्वासन माझ्या तोंडून निघाले नसते.

आज परिस्थिती पालटली आहे. आमच्या शेजारच्या पेडणे तालुक्यात धारगळला डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. ज्याला वैद्याकडे जायचे त्याने जाणत्या वैद्याकडे जावे, आधीचे कागद घेऊन जावे, एकाचे दुसऱ्यापासून लपवू नये. निनावी पुडीला मात्र हात लावू नये, मग ती कोणीही देवो. शाळेच्या मुख्याध्यापकाने दिली तरी!

आमच्या सप्तकोटेश्वराची कथा तुम्हांला ठाऊक आहे. दिवाडीवरचे देऊळ पोर्तुगीजांनी मोडले, लिंग नदी ओलांडून इकडे आणले गेले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. २०२३ मध्ये त्याचे पुन्हा नूतनीकरण झाले. नदी ओलांडून आला तरी देव तोच राहिला. उपायाचे तसे नाही. तो एका देहातून दुसऱ्या देहात नेताना पुन्हा पारखावा लागतो.

अष्टमीच्या त्या दिवशी पायऱ्यांवर मी मावशींना शेवटी विचारलेच, "मावशी, तुम्हाला माझा राग येत नाही?" त्या म्हणाल्या, "सर, तुमी सांगलें न्हय, मागीर कितें पळोवपाचें?" तुम्ही सांगितलेत ना, मग काय पाहायचे! त्यांना तो दिलासा वाटला असेल. मला त्याहून जड वाक्य आजवर कोणी ऐकवलेले नाही.

निघताना त्यांनी हळूच विचारले, "निगडीचो पालो हाडशात? शेकलें की बरें दिसता." आपण दोन भाषांच्या घरांत राहणारी माणसे. मराठीत 'बरे दिसते' म्हणजे पाहणाऱ्याला चांगले दिसते. कोकणीत 'बरें दिसता' म्हणजे ज्याचे त्याला आतून बरे वाटते. मी त्यांचे दुखणे इतके दिवस मराठीत ऐकत होतो.

संध्याकाळी पाला काढून नेऊन दिला. रविवार होता. गोळी घेतली का, हे आधी विचारले.